लाल पट्टीची ताटं

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या बाईकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती मला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आधीपासूनच मिळत होती. मळीच्या पाण्याचे कॅन गच्चीवर चढू लागले तेव्हा तिच्यात भर पडली, एवढंच. दारूच्या कारखान्यातलं हे काळं सांडपाणी दहापट पाणी मिसळून गच्चीवरच्या कुंड्यांतल्या तुतीला घालायचं, ती तुती रेशीमअळ्यांना चारायची आणि कोष कसे होतात ते बघायचं, हा माझा विषय. त्यात दारू नसते, दारू काढून घेतल्यावर उरतं ते हे, असं मी सेक्रेटरींना तीनदा समजावलं. त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि विचारलं, "पण मॅडम, वास तर येतो ना?"

वास सासूबाईंनाही येत होता. माझे सासरे गिरणीत होते आणि दारूपायी गेले. त्यामुळे कॅन दिसला की त्या नाकाला पदर लावत.

अळ्या गॅलरीत होत्या. लाल पट्टीच्या ताटांना लाल पट्टीच्याच कुंड्यांतला, मळीच्या पाण्यावरचा पाला, बाकीच्यांना साध्या पाण्यावरचा. मी कॉलेजात शिकवायला गेले की दुपारचा पाला सासूबाई घालत. त्यांना मी ढीगभर सूचना दिल्या होत्या: उदबत्ती नको, मच्छरची कॉइल नको, अळ्यांना हात लावायचा नाही. पाला धुऊ नका, हे सांगायचं मात्र सुचलं नाही. ज्या घरात दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुतात, तिथे खरं तर तेच आधी सांगायला हवं होतं.

लाल पट्टीच्या अळ्या कोष करायच्या आतच मऊ पडल्या, काळ्या झाल्या आणि मेल्या. बाकीच्या झकास. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. गाइड म्हणाले, "नकारात्मक निष्कर्ष हासुद्धा निष्कर्षच. लिहा आणि याच वर्षी सबमिट करा." मी लगेच सावरले. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पहिलंच वाक्य मोठ्याने वाचून बघितलं: मळीच्या पाण्यामुळे अळ्या दगावल्या.

वाल सोलणाऱ्या सासूबाई थांबल्या. "असां कसां गो? मी लाल ताटांची पानां रोज धुवन घालत होतंय."

"का?"

"बारकी पोरां ती. तेंका कित्याक तो वास?"

ओल्या पाल्याने अळ्यांना रोग होतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. मला भयंकर राग आला. वर्ष वाया गेलं होतं, आणि भांडावं तर समोर त्यांची माया.

"म्हणजे मी मारलंय तेंका?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणाले. त्याची लाज अजून वाटते.

लिहिलेलं फाडलं आणि नवीन अंडी मागवली. एका सकाळी सासूबाई दुखरे गुडघे घेऊन गच्चीवर आल्या. मी बादलीभर पाण्यात मगभर मळीचं पाणी ओतत होते.

"एवढ्या पाण्यात एवढासाच?"

"जास्त झालं तर झाड जळतं."

त्यांनी बादलीत वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांका ह्या कोणी सांगूकच नाय."

त्यांनी माझ्या हातातून मग घेतला आणि लाल पट्टीच्या कुंड्यांना पाणी घालायला लागल्या. पदर नाकाला नव्हता.