फराळघराचा ळ

एके काळी कोल्हापूरच्या अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्या हेमचंद्र पेंटरांच्या हातच्या होत्या. त्यांची नात मृण्मयी मात्र नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला वाढली. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून उत्तर डचमध्येच यायचं. आजोबा गेले तेव्हा ग्रोनिंगनला तिची डिझाइनची परीक्षा चालू होती. जाता आलं नाही. उन्हाळ्यात ती कोल्हापूरला पोचली, तर बाजारात त्यांची एकही पाटी शिल्लक नव्हती. जिकडे तिकडे फ्लेक्स.

हे तिला फार लागलं. माणूस जातो हे समजत होतं. त्याचं अक्षरही जावं, हे काही पटेना.

परत आल्यावर तिने आत्याकडून जुने फोटो मागवले. वराती, सहली, कुणाच्या तरी डोक्यामागे दिसणारी पाटी. एकेक अक्षर मोठं करून ती गिरवत बसली. ‘ळ’ तेवढा महिनोन्‌महिने सापडत नव्हता. शेवटी एका फोटोत, म्हशीच्या शिंगांमागे, ‘गुळाचे व्यापारी’ दिसलं.

त्याच सुमारास ओळखीच्या वसुधाकाकू अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये ‘फराळघर’ नावाचं दुकान काढत होत्या.

“काकू, पाटी मी रंगवते. हाताने.”

“जमेल तुला?”

“नाही आवडली तर छापून घ्या.”

शनिवारी पाटी चढली. संध्याकाळी मृण्मयीचे बाबा, सुदर्शन, ट्रॅममधून उतरून पोहे घ्यायला आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते फुटपाथवरच थबकले.

“वसुधाताई, ही पाटी कुणी केली?”

“का हो?”

“हा ळ अण्णांचा आहे, माझ्या वडिलांचा. पहिला गोल मोठा, दुसरा लहान. असा दुसरं कुणी काढत नाही.”

मृण्मयी आतून बाहेर आली. कोपरापर्यंत लाल रंग.

“मी काढलाय, बाबा,” ती मराठीत म्हणाली.

बाबा मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. “मला शिकवायला बसले होते अण्णा,” ते म्हणाले. “मी पळून गेलो.” डोळे भरले होते, पण ते हसत होते.

महिन्याभरात तिच्याकडे आणखी तीन पाट्या आल्या. त्यांतली एक डच बेकरीवाल्याची. त्या पाटीवरच्या रोमन अक्षरांनाही कोल्हापूरचं वळण होतं. आता दर शनिवारी बाबा सरळ रेघ आखायची खडूची दोरी धरायला येतात आणि ताठ धरली नाही म्हणून लेकीची बोलणी खातात.