वर घेतलेला गुडघा

४ ऑक्टोबर, रविवार. दसरा काढायचा म्हणून मागच्या भिंतीला चुना मारायला घेतला. डबा उघडल्याबरोबर कोरडा वास नाकात गेला आणि हात थांबला. कॉलेजच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारायचे, त्यांचा हाच वास.

मी आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर होते. एका वर्षी उपांत्य सामन्यात जाफराबादची एक किरकोळ मुलगी बॉल घेऊन सरळ माझ्यावर आली. मी झेपावले आणि गुडघा वर घेतला. तो तिच्या कानशिलावर बसला. ती रेषेवर पडली ती उठलीच नाही. अर्धा चेहरा फक्कीने पांढरा, डोळे अर्धवट उघडे.

"ए बाई, ऊठ ना! नाटकं करून राह्यली का?" आमची कॅप्टन सुनंदा ओरडली. मग जवळ आली आणि वाकून हळूच म्हणाली, "मेली की काय गं?"

मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"तू मुद्दाम न्हाई केलं," सुनंदा म्हणाली. "बिलकुल बोलू नको कोणाला."

मी मुद्दामच केलं होतं. आता पोलीस येतील, घरचे कॉलेज बंद करतील, एवढंच डोक्यात होतं. तीही कोणाची तरी लेक, हे आज सुचतं. तेव्हा सगळी भीती माझ्यापुरतीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच दवाखान्यात गेले. ती कॉटवर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. मला बघताच म्हणाली, "गोल झाल्ता का?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि गुडघा मुद्दाम मारला होता, हेही सांगून टाकलं.