सिमेंटचा वीरगळ

"मॅडम, हो दगड आता हयसून काढा," किशोरशेट म्हणाले.

दगड म्हणजे मीच बनवलेला वीरगळ. पूर्वी लढाईत मेलेल्या माणसासाठी कोरीव दगड उभा करत, तो वीरगळ. मालवण-आचरा रस्त्यावर किशोरशेटांचं हॉटेल आहे. गाड्या थांबाव्यात म्हणून त्यांनी माझ्याकडून एका जुन्या वीरगळाची पुरुषभर उंच प्रतिकृती करून घेतली होती. खाली गलबतांची लढाई, वर स्वर्गात पोचलेला वीर. गाड्या थांबू लागल्या. फोटो निघू लागले.

मग शेजारच्या वाडीतल्या सुलभाकाकी यायला लागल्या. त्यांचे यजमान ट्रॉलरवर खलाशी होते. वादळात ट्रॉलर बुडाला, माणसं मिळालीच नाहीत. काकी रोज सकाळी कोरलेल्या गलबतांपाशी अबोलीची फुलं ठेवायच्या आणि तिथेच रडत बसायच्या.

"गिराईक नाश्त्याक बसता आणि समोर ह्या," शेट म्हणाले. "काल एक फॅमिली उठान गेली. मी तरी काय करू?"

मी काकींशी बोलायला गेले. "काकी, हा खरा दगड नाही. आत लोखंडी जाळी, वर सिमेंट. मीच केलाय."

"माका ठाऊक आसा गो. तुका करताना मी बघलंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या घोवाचा मडाच मिळूक नाय. फुला खंय ठेवू?"

शेट पायरीवर उभे राहून ऐकत होते. ते खाली उतरून म्हणाले, "काकीच्या वाडीत नेऊन उभो केलो तर? क्रेनचा मी बघतंय."

वाडीतल्या लोकांनी किनाऱ्यालगतची जागा दाखवली. अडचण माझ्या बाजूची होती. काम जागेवरच केलेलं, उचलायला हूक नव्हते. ग्राइंडरने पायापासून कापून, पट्टे बांधून क्रेन लावली. वीरगळ जमिनीपासून सुटला आणि कटकन आवाज झाला. गलबतांच्या वर आडवी भेग गेली. क्रेनवाला थांबला.

काकी पुढे होऊन त्याला म्हणाल्या, "सावकाश रे बाबा."

वाडीत उभा केल्यावर मी भेग इपॉक्सीने, म्हणजे दगड-सिमेंट चिकटवायच्या गोंदाने, भरली. जोड दिसतो. रंगवून देते म्हटलं, तर काकी नको म्हणाल्या. आता आजूबाजूच्या गावांतल्या बायकाही तिथे फुलं ठेवतात.

किशोरशेटांनी हॉटेलपुढे सिमेंटचा डॉल्फिन बसवलाय. गाड्या त्यालाही थांबतात.

आता मी प्रत्येक प्रतिकृतीत आधीच हूक घालते. गिऱ्हाईक विचारतं, कशाला? मी सांगते, कुठे न्यावी लागेल ते आज कळत नाही.