पेटी उघडायच्या आत

नोला पेंगेलीनं सदुसष्ट वर्षांतली पंचावन्न वेरीला गावच्या टाउन हॉलमधल्या एका पडद्याला दिली होती. बाराव्या वर्षी ती तिथे आइस्क्रीम विकायची. आता चित्रपट निवडणं, यंत्र चालवणं, तिकिटं फाडणं, सगळं तीच करायची आणि तेही बिनपगारी. तिच्या लहानपणी दर शनिवारी पडद्यावर जे यायचं, ते कुणी आधी पाहिलेलं नसायचं. चारी बाजूंनी नुसता गहू, आणि त्या गव्हातून वाट काढत आठवड्यातून एकदा अनोळखी माणसं गावात मुक्कामाला यावीत, तसं वाटायचं. आता यायचे ते आकडे. तिसरा भाग, पाचवा भाग, आठवा भाग. कंपन्यांची अटच असायची, की तीन आठवडे पडद्यावर दुसरं काही लावायचं नाही. लोकही आकडा बघूनच येत. नव्या गोष्टीला वर्षभरात एकदाही वीसच्या वर माणसं जमली नव्हती.

हॉलच्या समितीचा अध्यक्ष केल्विन शिर्मर, शाळेत तिच्याच वर्गातला.

“लोकांना ओळखीचं हवं असतं, नोला,” तो म्हणाला. “मी नाही का, चाळीस वर्षं पबमध्ये एकच जेवण मागवतो.”

“म्हणून तर तुझ्या टेबलाशी कुणी बसत नाही.”

समिती हसली, पण ठराव झालाच. दोन आकड्यांच्या मधला एकच रविवार मोकळा होता, डिसेंबरातला, म्हणजे इथे दक्षिण गोलार्धात भर उन्हाळ्यातला, ऐन कापणीतला. त्या दुपारी नोलानं तिची नवी गोष्ट लावावी. साठ माणसं आली तर महिन्याचा एक रविवार कायमचा तिचा. नाही आली तर यापुढे फक्त आकडे.

कापणीत वेरीलात कुणी लग्नसुद्धा ठेवत नाही. रविवारी दुपारी एकला हॉलमध्ये चार माणसं होती, त्यातल्या दोघी विणकाम घेऊन आलेल्या. नोला दारात उभी राहिली. लांब शेतांवर कापणीयंत्रांची धूळ उठत होती. आणि मग उत्तरेचा वारा सुटला, भट्टीचं दार उघडावं तसा. पारा त्रेचाळीसवर गेला. सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप आला: वारा वाढलाय, यंत्रं थांबवा. असल्या वाऱ्यात यंत्राची एक ठिणगी अख्खं रान खाते. धुळीचे लोट एकामागून एक खाली बसले, आणि रिकाम्या हातांची माणसं पंचक्रोशीतल्या सगळ्यात थंड खोलीकडे, एसी असलेल्या हॉलकडे निघाली.

गाड्यांची रांग लागली. प्रत्येक गाडीवर पाण्याची टाकी, प्रत्येक गाडीतल्या एकाच्या तरी कमरेला अग्निदलाचा पेजर, कारण इथे प्रत्येक घरातला कुणी ना कुणी आग विझवणारा. नोला तिकिटं फाडत मोजत गेली. सत्याऐंशी.

“थंडाव्याला आलोय, सिनेमाला नाही,” केल्विन म्हणाला.

“पुढे बस मग. गार वारा तिथे जास्त लागतो.”

गोष्ट होती एका ट्रकवालीची. वाळवंटातून ती एक मोठी लाकडी पेटी घेऊन चाललेली, आणि पेटीतून टकटक ऐकू येते. पहिली वीस मिनिटं खुर्च्या कुरकुरल्या. मग त्या गप्प झाल्या.

“साप असणार,” मागून कुणीतरी म्हणालं.

“साप टकटक करतो का रे? माणूस आहे आत.”

“दोघंही गप्प बसा,” हा केल्विन.

नोला सिनेमाच्या यंत्राजवळ उभी राहून अंधारातले चेहरे बघत होती. पुढे काय होणार हे एकालाही ठाऊक नव्हतं. पडद्यावरच्या बाईनं ट्रक थांबवला, पहार उचलली, पेटीच्या फटीत घातली, आणि तेवढ्यात तीस पेजर एकदम किंचाळले.

हेन्श्केंच्या शेताच्या बांधाला आग. माणसं खुर्च्या ओलांडत धावली. दारात केल्विन वळला.

“नोला, बंद कर ते.”

तिला वाटलं, संपला आपला रविवार. “काय?”

“थांबव म्हणतोय. आम्ही परत येईपर्यंत कुणी पेटी उघडायची नाही.”

तिनं बटण दाबलं. पहार धरलेला हात पडद्यावर तसाच थांबला. मागे उरलेल्यांनी आगीच्या दिवशी करतात तेच केलं, चहा ठेवला, सँडविचं कापली आणि आगीवर पाठवून दिली. पडद्यावरच्या त्या हाताखाली बसून, पेटीत काय असेल यावरून म्हाताऱ्या भांडत राहिल्या. एकही घरी गेली नाही.

साडेसहाला, उन्हं अजून लख्ख असताना, गाड्या परतल्या. दोनशे एकर धसकटं जळली होती, माणूस नाही, घर नाही. काळी तोंडं, लाल डोळे, धुराचा वास. सगळे आपापल्या खुर्चीवर येऊन बसले. शिवाय सात जण दारातच अडले, शेजारच्या गावच्या अग्निदलातले.

“आम्हालाही तिकीट द्या, बाई.”

“अर्धा झालाय की हो सिनेमा.”

“माहितीय. पाण्याची नळी धरता धरता केल्विननं इथवर सगळा सांगितला. पण पेटी काही तो उघडेना.”

नोलानं सात तिकिटं फाडली आणि बटण दाबलं. पहार हलली.

पेटीत काय होतं ते वेरीलात कुणी बाहेरच्याला सांगत नाही, तेव्हा इथेही नको. चौऱ्याण्णव माणसं श्वास रोखून बसली होती एवढं खरं. दिवे लागल्यावर केल्विन तसाच बसून होता, गालांवरच्या काजळीत दोन ओल्या रेघा.

“धूर गेलाय डोळ्यात,” तो म्हणाला.

“असेल.”

“पुढच्या महिन्यात कुठला लावतेयस?”

“दोन आलेत हाती. एकात बेटावरचा एक...”

“सांगू नकोस,” केल्विन घाईनं उठत म्हणाला. “फक्त वेळ सांग.”