दोऱ्याची बाटली आणि पुण्याचं पेट्रोल

आमच्या विहिरीवर वीज आली नव्हती तेव्हा तिथे डिझेलचं इंजिन होतं. डिझेल आईच्या जुन्या लुगड्यातून गाळून घ्यायचं, आणि इंजिन सुरू झालं की घरातल्या कुणी मोठ्याने बोलायचं नाही. त्याला राग येऊन ते थांबेल, अशी सगळ्यांना भीती. एका उन्हाळ्यात ते थांबलंच. डिझेलमध्ये पाणी निघालं. भुईमूग जागेवर वाळला आणि त्या वर्षी मी भावाचा जुना शर्ट घालून शाळेत गेले. मुलीने मुलाचा शर्ट घालणं ही फॅशन असते हे मला पुण्यात कळलं. आमच्या गावात, डोणगावात, ती गरिबीच होती.

त्या भुईमुगानंतर वडिलांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. औषधाची रिकामी काचेची बाटली. तळाला बोटभर पाणी. पाणी जिथे संपतं तिथे बाहेरून लाल दोरा. वर तोंडापर्यंत डिझेल भरायचं, हलवायचं आणि गोठ्याच्या सावलीत ठेवून द्यायचं. डिझेलमध्ये पाणी असलं तर ते खाली उतरणार, म्हणजे पाणी दोऱ्याच्या वर चढणार. या पद्धतीत चूक नाही. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आहे, मी शोधून पाहिली. हळूहळू आजूबाजूचे लोक आपापलं डिझेल घेऊन येऊ लागले. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचा शब्द डिझेलच्या बाबतीत शेवटचा झाला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आता पुण्यात औषधाच्या कारखान्यात तपासणीचं काम करते, म्हणजे वडिलांचंच काम, फक्त पगारी. गेल्या वर्षी मी जुनी कार घेतली, आणि नेमकं तेव्हाच पुण्यातल्या पंपांवर पाचवा हिस्सा इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळायला लागलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. अ‍ॅव्हरेज पडलं, पाइप खराब होणार, वॉरंटीचं काय. एक साहेब म्हणाले, "शेतकऱ्याचं भलं व्हायलाच हवं हो, पण ते माझ्या टाकीतून कशाला?"

मी म्हटलं, "इथेनॉल मक्यापासूनही बनतं. आमच्या बुलढाण्याकडचा मकाही जातो."

"बुलढाणा? तिथे पिकतं काही?" असं म्हणून त्यांनी माझ्या डब्यातलं पिठलं वाढून घेतलं.

मी इथेनॉलची बाजू एवढी जोरात मांडली होती की माझी कार सकाळी दोन-तीनदा खोकून मगच सुरू होते, हे मला कुणाला सांगता येईना. मेकॅनिकने एक रबरी पाइप बदलून दिला. तेही मी गुपचूप केलं.

दिवाळीला मी कार घेऊन गावी निघाले. मला एकच गोष्ट हवी होती. वडिलांनी माझ्या शेजारच्या सीटवर बसावं, आम्ही लोणारला आत्याकडे जावं, आणि निघताना गल्लीने पाहावं. यात मोठेपणा होता. होताच.

गल्ली जमली. वडिलांनी कारभोवती एक चक्कर मारली, बैल घेताना मारतात तशी, आणि म्हणाले, "बसतो माय. पयले बाटली."

नळीने पेट्रोल काढलं. बोटभर पाणी, लाल दोरा. हलवली, गोठ्यात ठेवली. मी शहाणपणाने उभी होते. पुढे काय होणार हे मला माहीत असायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष गल्लीकडे होतं.

वडिलांनी बाटली उजेडात धरली. पाणी दोऱ्याच्या चांगलं दीड बोट वर.

"पानी हाय," ते म्हणाले. निकाल लागला.

शेजारचे काका ओट्यावरून म्हणाले, "काय व पोरी, पुण्याहून टाकीत पानी भरून आनलं? इथं नयाले पानी नव्हतं काय?"

मी सांगायला लागले. ते पाणी नाही, इथेनॉल आहे. ते पेट्रोल सोडून पाण्यात मिसळतं, म्हणून पाणी वाढल्यासारखं दिसतं. इथेनॉल म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल.

"म्हंजे दारू?" काका उठून बसले. "गाडी दारू पेते?"

हे ऐकून वडील गाडीपासून दोन पावलं मागे सरले. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. आता त्यांना न बसायला दोन कारणं झाली होती, आणि दुसरं मीच दिलं होतं.

मग मी गुरांच्या इंजेक्शनची सिरिंज मागितली. बाटलीच्या तळातलं ते 'पाणी' तेवढं ओढलं, स्टीलच्या झाकणात घेतलं आणि काडी लावली.

दुपारचं ऊन. काहीच दिसेना.

"इझलं," काका म्हणाले. "पानी जयते काय कधी?"

वडिलांनी कणग्याजवळचं मक्याच्या कणसाचं वाळलं साल उचललं आणि झाकणावर धरलं. सालाने भर्रकन पेट घेतला. ज्वाळ होती, उन्हात दिसत नव्हती एवढंच.

"कायचं बनते म्हनलं हे?"

"मक्याचं, बाबा."

"आपला मका त कोंबड्याईले जाते ना?"

"थोडा कोंबड्यांना, थोडा गाड्यांना. तुमचा कुठे गेला ते व्यापाऱ्यालाच ठाऊक."

"मंग गाडी जास्त पयते काय यानं?"

खोटं बोलायची ती वेळ होती. "नाही. थोडी कमीच."

ते पहिल्यांदा हसले. "अन् मिरवून राह्यली!"

काकांना अजून समाधान नव्हतं. "म्हंजे यंदा बाटली चुकली, पाटील."

"बाटली काऊन चुकन बे?" वडिलांनी बाटली धुतली, दोरा नीट सरकवला. "मिसयलं हाय, एवढं तिनं बराबर सांगतलं. काय मिसयलं, ते सांगाले कालेज लागलं."

मग ते आत जाऊन टोपी बदलून आले. कार तीनदा खोकली, चौथ्यांदा सुरू झाली. गल्ली पाहत होती.

त्या दिवशी माझे वडील माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर बसून, लोणारपर्यंत गेले आणि परत आले.