गोधडीच्या पोटातला घास

शुक्रवार, संध्याकाळ. मैत्रिणींनो, दोन महिने इकडे फिरकले नाही, माफ करा. पण आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाही!

नातवासाठी शिवायला दिलेली गोधडी न्यायला जालन्याहून एक ताई आमच्या घरी वडीगोद्रीला आल्या. माझ्याकडे गोधड्या शिवणाऱ्या कमलमावशी शेवटचा कोपरा बंद करताना आत पोळीचा इवलासा तुकडा ठेवतात. म्हणतात, "गोधडी उपाशी ठेवू न्हाई."

पण बाळाचं पांघरूण, मुंग्या लागल्या तर? न सांगता विकणं मनाला पटेना. गिऱ्हाईक तुटेल या भीतीतच मी सांगून टाकलं.

ताई शेजारी बसलेल्या कमलमावशींकडे वळल्या. म्हणाल्या, "मावशी, उसवा तो कोपरा!"

मावशींनी कोपरा उसवून आतला तुकडा बाहेर काढला.

"नातू माझा, अन् घास तुमच्या घरचा? मी भरवते!" त्यांनी स्वतःच्या डब्यातल्या पोळीचा तुकडा आत ठेवला.

मावशी हसल्या. "आता बराबर झालं. आजीचा मान आजीला!"

जाताना ताईंनी आणखी दोन गोधड्या सांगितल्या!

तुमच्याकडे गोधडीला घास भरवतात का?

उद्याचं काम: तयार गोधड्यांचा एकेक कोपरा गिऱ्हाइकासाठी उघडा ठेवायला मावशींना सांगणे.