टाकीतल्या गवताला कच्चा टाका

आमच्या गल्लीतले शिंपीकाका जन्मभर लोकांची मापं घेत आले, पण त्यांचा जीव अडकला होता तो दुकानामागच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत. तिच्यात त्यांना समुद्री गवत वाढवायचं होतं. रोप वाळूत खोचलं, की ते आपलं तरंगत वर यायचं. शेवटी काकांनी त्याचं आडवं मूळ जाळीच्या कापडावर सुती दोऱ्याने कच्चे टाके घालून बसवलं आणि वर वाळू पसरली.

रोप तरंगलं नाही, पण त्याची सगळी पानं गळाली.

"झालं! टक्कल पडलं त्याला," काकू म्हणाल्या. त्यांना तिथे कपाट हवं होतं. "टाकी द्या माझ्या भावाला."

"नवी जागा आहे, रुसलंय ते. मूळ धरू दे की जरा."

"गिऱ्हाइकांनाही हेच सांगता तुम्ही. जरा थांबा!"

महिना सरला. काकूंचा भाऊ टेम्पोत कपाट घालून दारात हजर झाला. काका तोंड फिरवून मशीनला तेल घालत बसले. काकूंनी बाही सरसावून टाकीत हात घातला आणि ते बोडकं रोप ओढलं. कुजलेला दोरा तेवढा हातात आला. पुन्हा ओढलं, तर भोवतालची वाळू हलली, रोप हललं नाही.

"अहो, हे सोडत नाहीये!"

काका तेलाची बुधली घेऊनच धावले. "हळू! तुटेल ना!"

काकूंनी हात पुसला आणि भावाला हाक मारली, "कपाट उतरवू नकोस रे. टेम्पोतच बरं दिसतंय ते."